सुट्या भागांची गाडी शनिवारपर्यंत थांबवण्याबाबत

दि. २२ सप्टेंबर, सोमवार

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला

विषय : बागेच्या जुन्या तिकीटघरातील मुलांच्या संग्रहालयाचे सील शनिवारी दोन तास काढण्याबाबत व शुक्रवारची भंगाराची गाडी एक दिवस पुढे ढकलण्याबाबत.

संदर्भ : १) तपासणी अहवाल, दि. ४. २) माझा अर्ज, दि. ८. ३) आपले पत्र, दि. १५.

महोदय,

मी निवृत्त गणित शिक्षक आहे. सहा वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयाने बागेचे बंद तिकीटघर मुलांसाठी दिले. आसपासच्या लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणून दिल्या : शिवणयंत्र, गजराचे घड्याळ, वजनकाटा, टाइपरायटर, अशा एकूण सदतीस. खोली आपली असल्याने त्या सर्व आपल्या जडवस्तू नोंदवहीत चढवल्या गेल्या. आमच्याकडे काचेचे कपाट नाही आणि 'हात लावू नये' अशी पाटीही नाही. मुले बुधवारी वस्तू खोलतात. प्रत्येक वस्तूचे भाग तिच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमाने मांडतात. दोन दिवस ते तसेच राहतात. काय कशाला फिरवते, यावर मुले घरी, शाळेत, जेवताना डोके खाजवतात आणि शनिवारी सगळे पुन्हा जोडतात.

आपले निरीक्षक आले ते गुरुवारी.

त्यांनी मला विचारले, "आजोबा, हे संग्रहालय आहे की भंगारवाल्याचं दुकान?" तिथे असलेली शिंप्याची नात म्हणाली, "काका, शनिवारी या ना, सगळं चालू असतं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अहवालात लिहिले : सदतीसपैकी सदतीस वस्तू मोडक्या, विल्हेवाटीस योग्य. त्याच दुपारी दाराला सील लागले. त्यांनी डोळ्यांना दिसले तेच लिहिले, त्यांना मी दोष देत नाही. बुधवार-शनिवारचा हा क्रम मी आपल्याला कधीच लेखी कळवला नव्हता. ती चूक माझी आहे.

आपल्या पत्रात म्हटले आहे की, वस्तू सुस्थितीत असल्याचे दाखवल्यास सील काढण्याचा विचार होईल, अन्यथा शुक्रवारी, दि. २६ रोजी भंगाराची गाडी त्या उचलून नेईल. मी ते पत्र घेऊन आपल्या कारकुनांकडे गेलो. ते म्हणाले, "आधी जोडून दाखवा, मग उघडतो." मी विचारले, उघडल्याशिवाय जोडू कशा? ते म्हणाले, "ते अर्जात लिहा." म्हणून लिहीत आहे.

त्यांनी कृपा करून असेही सुचवले की, मी एकट्याने आत जाऊन शिपायासमोर वस्तू जोडाव्यात. मुलांना मात्र सील लागलेल्या जागेत प्रवेश नाही. महोदय, मला लाज वाटते, पण खरे सांगतो. त्या सदतीसपैकी एकही वस्तू मला पूर्ण जोडता येत नाही. मी मुद्दामच शिकलो नाही. मला आले असते तर मी मुलांना सांगून मोकळा झालो असतो. आणि आता माझी बोटे थरथरतात, लहान स्क्रू त्यांत टिकत नाही. कोणता भाग कुठे बसतो, हे फक्त त्या त्या ट्रेच्या मुलांना माहीत आहे.

तेही आता विसरत आहेत. सील लागल्यापासून तीन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी पायऱ्यांवर एकेचाळीस मुले बसली होती, दुसऱ्या शनिवारी सव्वीस, परवा नऊ. ती कागदावर भाग काढून मनातल्या मनात जोडतात. शिंप्याच्या नातीने शिवणयंत्राचे नऊ भाग काढले आणि पेन्सिल थांबली. मी म्हटले, आठव बाळा. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजोबा, पुढचं माझ्या हाताला माहीत आहे, मला नाही."

ते दार आपणच उघडू शकता.

शनिवारी सकाळी नऊ ते अकरा मुलांना आत सोडावे. निरीक्षकांनी स्वतः हजर राहावे, हवे तर शिपाई दारात उभा करावा. अकरा वाजता जी वस्तू चालणार नाही ती मी स्वतः उचलून गाडीत ठेवीन. माझी सही आताच कोऱ्या कागदावर घ्यावी.

हे शक्य नसेल तर निदान सव्वीस तारखेला वस्तू मुलांना परत द्याव्यात. तेही नियमात बसत नसेल तर एवढेच करावे : हमालांना सांगावे की ट्रे एकमेकांत ओतू नयेत. भंगारवाल्याकडून ते मी माझ्या पेन्शनीतून एकेक करून सोडवून आणीन. पण एका पोत्यात सगळे ओतले, तर पुन्हा कोणालाही काही सापडणार नाही.

शुक्रवारी सकाळी सातपासून मी दाराशी असेन. मी कोणाला अडवणार नाही, ट्रे आडवे धरायला मात्र माणूस लागेल. मुलांना गाडीचा दिवस मी सांगितलेला नाही. ती शनिवारीच येतील.

आपल्या एका सहीची वाट पाहणारा,

(सही)
निवृत्त गणित शिक्षक, वय ७८
मुलांचे संग्रहालय, बागेचे जुने तिकीटघर

सोबत :
१) मुलांनी आठवून काढलेली चित्रे, ५३ पाने. (अपुरी आहेत.)
२) सही केलेला कोरा कागद, एक.