खांद्यावर उघडणाऱ्या सदऱ्याचे हक्क

मी, धंद्याने कपडे बेतणारी, बाई असूनही बाजारात 'मास्तर' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र वकीलबाईंकडून लिहवून घेत आहे. उजवा खांदा निकामी झाला आहे, डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला मधला भाऊ येऊन गेला, त्याला चहा पाजून वाटेला लावले.

१. राहते घर व बँकेतली ठेव मधल्या भावाला द्यावी. स्वयंपाकघराचे छप्पर गळते. घर विकायचे झाल्यास गिऱ्हाइकाला तसे आधी सांगावे, पावसात कळू देऊ नये.

२. शिलाईची यंत्रे, बेतायचे टेबल आणि कात्र्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. मोठी कात्री कागदाला लावू नये, धार जाते. हे मी तिला लहानपणापासून सांगत आले आहे आणि तिने एकदाही ऐकलेले नाही.

३. आता खरी मालमत्ता, म्हणजे मी काढलेले कपड्यांचे कागदी साचे आणि त्यांचा प्रताधिकार. एका कारखानदाराला ते विकत हवे आहेत. हक्क हातात आले की माझे साचे बदलून कोणीही शिवलेले कपडे तो बंद पाडणार. म्हणजे पहिली गदा धाकटीवर. भाऊ म्हणाला, "ताई, कागदच तर आहेत. विकून मोकळी हो." मी विचारले, "कागदच आहेत, तर तो एवढा मागे का लागलाय?"

धाकटीचे प्रकरण असे. आईचा हात लुळा पडला तेव्हा तिने माझ्या सदऱ्याचा साचा घेतला, गळ्यापासून खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत उघडला आणि नाड्या लावल्या. हात न उचलता आईला सदरा घालता येऊ लागला. आई गेल्यावर तिने तो साचा मागेल त्याला दिला. मला विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले असते, हे ती ओळखून होती. मी वकिलाची नोटीस धाडली. ती तरातरा आली.

"ताई, तुझाच सदरा आहे गं. मी फक्त उघडला."

"माझा आहे ना? मग तुझी कात्री त्याला लागलीच कशी?"

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. नोटिशीचे मला आजही वाईट वाटत नाही. कायदा माझ्या बाजूने होता.

माझ्या प्रत्येक साच्यात पाठीच्या तुकड्याच्या कडेला एक जादा खाच, म्हणजे कात्रीचा बारीक छेद, असतो. शिवायला त्या खाचेचा काडीचाही उपयोग नाही. चोरून नक्कल करणारा तीही उतरवतो आणि पकडला जातो. ही मेख फक्त आम्हा दोघी बहिणींना ठाऊक. यंदा माझा खांदा गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी धाकटी दवाखान्यातल्या रुग्णांसाठी शिवून देते त्यातला एक नवा सदरा आणून दिला. सवयीने मी तो आधी उलटा करून पाहिला. पाठीच्या शिवणीत खाच होती. चोरायचे असते तर तिने पहिल्यांदा तीच गाळली असती. नोटीस मिळूनही ती शिवायची थांबली नाही, आणि प्रत्येक पाठीवर माझी खूण ठेवत राहिली. मला रडू आले. डॉक्टरीणबाईंना वाटले, खांदा दुखतो आहे.

४. सबब, सर्व साच्यांचा प्रताधिकार धाकटीला मिळावा. तिने पुढील अटींवर ते सर्वांना खुले करावेत. कोणीही साचा घ्यावा, बदलावा, शिवावा, विकावा. काय बदलले ते सांगावे. मूळ कोणाचे आणि आधीचे बदल कोणाचे, ती नावे ठेवावीत. आपण बदललेल्या साच्यात पुढच्याने बदल केला तर नाक मुरडू नये, अडवू तर मुळीच नये. कारखानदारालाही हेच लागू. त्याला यापेक्षा एक टाचणीही जास्त मिळणार नाही.

५. धाकटीच्या सदऱ्यात एक घोडचूक आहे. ज्याचा एक हात चालत नाही त्याच्या सदऱ्याला तिने दोन हातांनी बांधायच्या नाड्या लावल्या आहेत. आईला बांधून द्यायला ती होती. मी एकटी राहते. म्हणून मी नाड्या काढून मोठी टिचबटणे लावली, आणि आता सदरा डाव्या हाताने एकटीला घालता येतो. पण हा बदल मी तिच्या साच्यात केला आहे आणि तिला विचारलेले नाही. कलम चार मी गेल्यावर लागू होईल. तोवर विचारणे भाग आहे, म्हणून इथे तिची परवानगी मागते.

बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात आणावीत. या एका कलमाची नक्कल वकीलबाईंनी आजच धाकटीच्या हातात द्यावी. उत्तर लेखी नको. तिने येऊन तोंडी सांगावे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च

सही (डाव्या हाताची): मास्तर

मास्तरांनी सगळा मजकूर ऐकला, दोन ठिकाणी वकीलबाईंना दुरुस्त केले आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. शेजारचे इस्त्रीवाले