तुझी साक्ष

पवित्र माणसा,

रविवारी चर्चमध्ये तरुणांच्या सभेत तू साक्ष द्यायला उभा राहिलास, तेव्हा मी आईशेजारी बसले होते. माईक हातात घेऊन तू रडत सांगितलंस, की गायनमंडळातल्या एका मुलीनं तुला मोहात पाडलं, चुंबनापर्यंत गोष्ट गेली, पण देवानं तुला वेळीच वाचवलं. नाव घेतलं नाहीस, केवढे उपकार! गायनमंडळात मुली दोनच, आणि दुसरी तुझी सख्खी बहीण.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाळकसाहेबांनी तुला मिठी मारली. आता पोरांना पवित्र जीवनाचे धडे तू देणार म्हणे. माझ्याकडून गाण्याचा पांढरा झगा परत मागवला. आई बोलत नाही, ताट तेवढं पुढे सरकवते.

जिन्यात माझी वाट कोण अडवायचं रे? "लग्न करीन तर तुझ्याशीच," हे कोण म्हणालं होतं? साक्षीत तेवढंच बरं विसरलास! देवाला मीही मानते. त्याला सांगायचं ते मी दार लावून सांगितलं, माईकवरून नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर पुढच्या रविवारी तू तेही रडत रडत वाचून दाखवशील.

देवानं जिच्यापासून तुला वाचवलं,
ती