पत्ते वाटायला तुम्ही बसा

ताई,

संध्याकाळी ह्यांचे मित्र खेळायला येतील. बाजारातून आलात की आधी तो ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा खेळ माझ्या कपाटात टाका. एकेक ठोकळा अलगद काढायचा, म्हणजे सगळ्यांची नजर हातावरच. सापशिडी आणि फासे मी टेबलावर ठेवलेत. डबीत फासे खुळखुळवताना सगळ्यांचेच हात हलतात.

पत्ते निघालेच तर वाटायला तुम्ही बसा. गेल्या खेपेला तुमच्या भावाच्या हातून पत्ते सांडले, तेव्हा मास्तर म्हणाले, "काय रे, वाटतोयस की पेरतोयस?" सगळे हसले, हेही हसले. तेव्हापासून हे माझ्यासमोर चहाचा कप उचलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, झोप झाली नाही. मी लक्ष ठेवून पाहिलं. नीट झोप झाली तरी उजवा हात थरथरतोच.

म्हणून मी आज एकटीच डॉक्टरांकडे चाललेय. ह्यांच्या अपरोक्ष जाणं बरं नाही, पण डॉक्टरांचं नाव काढलं की हे चपला घालून बाहेर पडतात. ह्यांना कसं समजवायचं, तेवढं तरी विचारून येते.

मी कुठे गेले असं ह्यांनी विचारलं, तर कामावर, प्रयोगशाळेत गेलेय म्हणा. आज प्रयोगशाळेला सुट्टी आहे, हे त्यांना माहीत आहे. तरीही "बरं" म्हणून खेळायला बसले, तर मला लगेच फोन करा. म्हणजे मी डॉक्टरांकडे गेलेय हे त्यांनाही कळलंय, आणि माझं जाणं त्यांना चालतंय. मग मी त्यांच्यासाठी उद्याची वेळ घेऊनच येईन.