यमुनेच्या गाळातला फोटो

नोएडा, सेक्टर ५०
रविवार, दुपार

प्रिय खंडेराव,

तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस. पार्वतीवहिनी उचलतात आणि "ते रानात गेलेत, भावजी" म्हणतात, तेव्हा मागे तुझा खोकला ऐकू येतो. वहिनींना खोटं बोलता येत नाही, आणि त्यांना ते माझ्यासाठी बोलावं लागतंय याचंच वाईट वाटतं. म्हणून आता फोन बंद, हे पत्र. पहिलीपासून आपण एका बाकावर बसलो. इतक्या वर्षांत तू माझ्याशी अबोला धरलास तो हाच. तो का धरलास हे मी समजतो. पण जे तुला अजून माहीत नाही, तेही सांगायचंय. तेवढ्यासाठी शेवटपर्यंत वाच.

तुझी साधनावहिनी म्हणते, त्या दिवसापासून मी घरात मोठ्याने बोलत नाही. बोलायला तोंड कुठे आहे? तुला इथे बोलावलं ते मीच. जखमी फौजींना जीपमधून फिरवून सत्कार करायचं, जीपवाल्यांच्या क्लबचं काम कार्यक्रम भरवणाऱ्या आमच्या कंपनीकडे आलं तेव्हा आमच्या बॉस क्षिप्रा मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. पुण्याच्या आहेत, वयाने माझ्या भाचीएवढ्या. म्हणाल्या, "मुरलीधरजी, तुमच्या साताऱ्याकडे घराघरात फौजी असतात ना? जखमी झालेले एक-दोन मिळतील का?" पेटीभर आंबे मागवावेत तसं बोलल्या. आणि मी "बिल्कुल, मॅडम" म्हणून तुझं नाव सांगून मोकळा झालो. वाटलं, तुला दिल्ली दिसेल, चार दिवस आपल्याकडे राहशील, आणि तुझ्यासारख्या माणसाचा कोणीतरी मान करेल.

मान कसा करतात ते मला आधीच माहीत होतं, हे आज कबूल करतो. यादी मीच केली होती. त्यात नाव, गाव, हुद्दा आणि चौथा रकाना 'दिसणारी जखम'. ज्याची जखम दिसते तो जीपमध्ये पुढच्या सीटवर, ज्याची दिसत नाही तो तंबूत चहा प्यायला. रोहतकचे ते सुभेदार आठवतात? डोक्यात अजून लोखंडाचा तुकडा आहे त्यांच्या, पण वरून माणूस धडधाकट दिसतो, म्हणून त्यांच्या नावापुढे मी 'तंबू' लिहिलं. मग उद्घाटनाला सुतळी बॉम्ब लावले आणि ते बिचारे टेबलाखाली गेले. तर माइकवरची पोरगी ओरडली, "देखिए, अभी भी वही जोश!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या. माझ्या हातात यादी होती, म्हणून कदाचित वाचलो.

आणि ते कागद! ज्यांचे हातपाय सीमेवर राहिले, त्यांच्याकडून मी सकाळी सकाळी लिहून घेतलं की इथे काही इजा झाली तर आयोजक जबाबदार नाहीत. तू सही करताना हसलास. म्हणालास, "मुरल्या, उरलेला पाय सांभाळून ठेवायला सांगतायत रे." मी हसलो नाही. तुम्हाला घालायला दिलेल्या त्या ढगळ टी-शर्टांवर पाठीमागे टायर कंपनीचं नाव, पुढे पाण्याच्या बाटलीवाल्याचं, आणि 'वीर' हा शब्द खिशाच्या वर, बटणाएवढा.

आपल्या भैरोबाच्या देवळातली मोठी घंटा कोणी दिली हे अजून गावाला ठाऊक नाही. देणाऱ्याने नाव घालू दिलं नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. इथे घंटा नसते, नुसतं नाव असतं. सोसायटीच्या तळघरातून मॉलच्या तळघरात जाणाऱ्या या जीपवाल्यांच्या गाड्या. त्यांना शिडी, फावडं, वर चार दिवे, मागे 'सैनिकों के साथ' असं स्टिकर. आणि फावड्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नसतं. वर्षातून एकदा यमुनेच्या खादरात, म्हणजे काठच्या गाळात, उतरायचं, चाकांना चिखल लावायचा आणि तो आठवडाभर धुवायचा नाही. पुण्य कुठे लागतं? मडगार्डला.

तुला मिळाला तो ढींगरा. पानिपतला पायपुसण्यांचा कारखाना, गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर विमानवाल्यासारखा चष्मा. तू अठरा वर्षं बर्फातल्या घाटांतून फौजेचे ट्रक हाकलेस, चाक सुरुंगावर जाऊन डावा पाय गेला तेव्हाही मागच्या दोन पोरांना जिवंत आणलंस. आणि हा माणूस तुला बेल्ट बांधून देत म्हणतो, "डरना मत, फौजी, मैं हूँ ना." वर विनोदही केला, "आप मराठे तो हमारे पानीपत में आके फँसे थे!" दोनशे पावलांवर त्याने गाडी नेऊन पुढच्या चाकांनी गाळात घातली आणि जितका जोर लावला तितकी ती खोल गेली. तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "साब, तब हम फँसे थे. आज आप फँसे हो." मागच्या जीपमधले ड्रायव्हर किती हसले! मला भरून आलं, खंडेराव. त्या दिवसातलं तेवढंच काय ते खरं बोलणं.

मग ढींगरा रुबाबात खाली उतरला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. एक बूट आत राहिला. "अरे, कोई पकड़ो!" म्हणून ओरडायला लागला. तू पँट वर दुमडलीस, गाडीच्या बंपरला एक हात घट्ट धरलास, मागे रेललास आणि दुसऱ्या हाताने त्याला उपटून काढलंस, शेंगांचा वेल उपटावा तसा. मग चारही टायरांची हवा कमी केलीस, बाभळीच्या फांद्या मोडून चाकांखाली घातल्यास, आणि कोणाला न विचारता स्टिअरिंगवर बसलास. वर मला म्हणालास, "मुरल्या, हिला क्लचच नाही. डावा पाय लागतच नाही. माझ्यासाठीच बनवलीय की ही!" गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. तू थांबला नाहीस. पाण्याच्या कडेकडेने, त्या बाभळींना वळसा घालून, पुन्हा उतरणीवरून. तुझा तो चेहरा मी शाळेत पाहिला होता आणि नंतर कधीच नाही.

आणि त्या चेहऱ्यापुढे मी हात आडवे करून उभा राहिलो. क्षिप्रा मॅडम कानातल्या यंत्रावर ओरडत होत्या, "इन्शुरन्स नाहीये, यार, उतरवा त्यांना! तुमचे मित्र आहेत ना?" मी कर्णा घेऊन धावलो. सगळ्यांसमोर, मराठीत, "खंडेराव, उतर खाली" म्हणालो. म्हणजे ज्या भाषेत तू हसलास, त्याच भाषेत मी तुला हुसकावलं. तू किल्ली माझ्या हातात दिलीस. "हं, घ्या साहेब," म्हणालास. मला साहेब म्हणालास. मग जेवला नाहीस, सत्काराची शाल घेतली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेची वेळ होईपर्यंत आमच्या खिडकीतून बाहेर बघत बसलास.

तुझा राग त्यासाठी आहे हे मी जाणतो. तेवढंच असतं तर मी गावी येऊन तुझे पाय धरले असते आणि तूही मला दोन शिव्या देऊन चहा पाजला असतास. पण त्याच्या पुढचं आहे.

फोटोवाल्याने नेमका तो क्षण टिपला, तू ढींगराला ओढत असतानाचा. पण खाली गाळ दिसतो तेवढा भाग कापून टाकलाय. उरलं काय? ढींगरा दात दाखवून हसतोय, त्याचा हात तुझ्या हातात. तू मागे रेललेला, पँट वर, नकली पाय चकाकतोय. बघणाऱ्याला वाटेल, तू पडत होतास आणि त्याने सावरलं. ऑफिसात सगळे म्हणाले, "अच्छा है, बहुत पॉवरफुल है." क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, "मुरलीधरजी, तुमचं हिंदी छान आहे, फोटोखाली एक इमोशनल लाईन द्या ना." मी दिली. 'जो हमारे लिए गिरे, हम उन्हें उठाएँगे.' पाच मिनिटांत लिहिली, आणि सांगायला लाज वाटते, लिहिल्यावर मला ती आवडली होती. ढींगराला मी या पत्रात बरंच बोललो. तो निदान स्वतःचा मूर्खपणा स्वतःच्या गाडीने करतो.

आता हे पत्र का लिहिलं ते. फोटो छापायला तुझी लेखी परवानगी लागते. तू फोन उचलत नव्हतास, छापखाना थांबलेला होता. त्या सकाळी तू सही केलेला तो इजेच्या जबाबदारीचा कागद माझ्याच कपाटात होता. तो समोर ठेवून, तुझ्या 'खं'चा तो मोठा गोल गिरवून, परवानगीच्या कागदावर मी तुझी सही केली. पहिल्याच खेपेला जमली, हेच मला छळतंय. त्या दिवसापासून सकाळी देवापुढे बसतो, दिवा लावतो, नाव घेता येत नाही. पुढच्या महिन्यात गुडगावला क्लबची मोठी मेजवानी आहे. तिचं निमंत्रण तुला या आठवड्यात येईल, जाड कागदाचं, आणि वर तोच फोटो, तीच ओळ. निमंत्रणं छापून झाली, पण मेजवानीच्या मंचामागचा मोठा फलक अजून छापायचाय. ते पाकीट तू उघडण्याआधी हे हातात पडावं म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतोय. काल मी क्षिप्रा मॅडमना सही माझी आहे हे लिहून दिलं. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "छोडो ना, मुरलीधरजी. त्यांना शाल मिळतेय, फोटो मिळतोय, ते खूशच होतील. त्यांनी स्वतः लेखी हरकत घेतली तरच मी थांबवू शकते." माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, तो हिशेब तू मनात धरू नकोस. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट आणि एक कोरा कागद ठेवलाय. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, नाही केलंस तरी चालेल. आधी त्या कागदावर 'हा फोटो छापायचा नाही' एवढं लिही, आणि खाली सही तुझ्या हातची कर.

तुझाच,
मुरलीधर