शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नसतं

मी, लॉर्कन हेफरनन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा नट, राहणार किलफीना, काउंटी क्लेअर, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाला न जुमानता आणि व्हिस्कीचा थेंबही न घेता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल शंका असल्यास डॉक्टर कीनबाईंना विचारावे. माझी स्मरणशक्ती तपासायला त्या आज सकाळी म्हणाल्या, "काहीतरी पाठ म्हणून दाखवा." मी एका नाटकाचा तिसरा अंक सुरू केला. बाहेर रोगी ताटकळले, बाई घड्याळाकडे बघू लागल्या, पण पडदा पडेपर्यंत मी काही उठलो नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात सगळे कुत्र्याच्या नावे ठेवले होते. कुत्रा वारला.

मी अविवाहित आहे. हे वाक्य वकील अल्टन स्कली यांच्या आग्रहाने घातले आहे. ते माझ्यासमोर बसून बिस्किटे संपवत आहेत. त्यांचे म्हणणे, "मृत्युपत्र केल्यावर माणसाने लग्न केलं, तर इथल्या कायद्याने ते आपोआप रद्द होतं. म्हणून विचारतो, तसा काही बेत?" अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! मी पोट धरून हसलो. चहा ओतणारी न्यूला मात्र हसली नाही.

न्यूला गेरटी कोण, हे सांगणे भाग आहे. आमच्या फिरत्या नाटक मंडळीत ती विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्ये पुरवायची. पुढे डब्लिनच्या नाटकांतही मी पुढे आणि ती विंगेत, हे ठरलेलेच. आता ती समोरच्या घरात राहते आणि रोज सकाळी येऊन माझ्या शेगडीत पीट, म्हणजे इथले वाळवलेल्या मातीचे जळण, पेटवते, मला चार शब्द सुनावते. माझ्या घराचे कलम मी मुद्दाम शेवटी ठेवले असून त्याची जागा कोरी सोडली आहे. त्याचे कारण या क्षणी स्वयंपाकघरात मनुकांचा ब्रेड कापत आहे.

कलम पहिले, अंत्यविधी. मला इथल्या रिवाजाप्रमाणे पुरण्यापूर्वी घरातच बैठकीच्या खोलीत ठेवावे आणि गावाने निरोपाला व खायला-प्यायला यावे. सिनेमात मी इतक्या वेळा मेलो आहे की दिग्दर्शक सांगायचे, "लॉर्कन, मेल्यावर तू जो शोभतोस ना, तसा जिवंतपणी नाही." हे कौतुक होते असे मी धरून चालतो. एका सिनेमात मी शवपेटीत पडून होतो आणि भोवती शोक करणाऱ्या फुटकळ नटांना खरीखुरी हॅमची सँडविचेस दिली होती. मला एकही नाही! दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडू लागले. तो आवाज ध्वनिमुद्रणात आला आणि दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर माझ्यावर तोंडसुख घेतले. सबब, माझ्या वेळी सँडविचेस भरपूर असावीत, लोणी कंजूषपणा न करता लावावे, आणि एक बशी माझ्या उशाशी ठेवावी.

कलम दुसरे, पाद्र्याचा झगा. दूरदर्शनच्या मालिकेत मी बरीच वर्षे फादर टॉम होतो. मालिका संपली, पण गावाच्या डोक्यातून फादर टॉम काही गेला नाही. परवा दुकानात हॅनरहनबाईंनी मला बटाट्यांच्या पोत्याआड गाठले.

"फादर, शेजारणीची कोंबडी माझ्या अंगणात अंडी घालते, आणि मी ती मुकाट्याने उचलते हो!"

"बाई, मी नट आहे."

"ते मला माहीत आहे. पण आमचे फादर ब्रॉस्नन बोलबोल बोलतात. तुम्ही नुसतं ऐकून तरी घेता."

मी त्यांना प्रायश्चित्त म्हणून एक छोटी प्रार्थना सांगितली आणि निम्मी अंडी परत द्यायला लावली. फादर ब्रॉस्नन यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा झगा त्यांना द्यावा. त्यांच्यापेक्षा तो मला बरा दिसतो, एवढे मात्र प्रवचनात कबूल करावे. प्रवचन आटोपशीर असावे.

कलम तिसरे, फिंटन डिव्हेन, नट, यास. हा इसम माझ्या मरणाच्या लांबलचक भाषणात बाजूला बसून सफरचंद खायचा. कर्रम्, कर्रम्! प्रेक्षक माझ्याकडे बघायचे सोडून त्या सफरचंदाकडे बघायचे. एकदा मी मरता मरता त्याला म्हणालो, "मेल्या, निदान पिकलेलं तरी खा!" तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या त्याने वाकून स्वीकारल्या. त्याला माझी दातांची कवळी द्यावी. आता त्याच्या तोंडात एक दात उरलेला नाही असे ऐकतो. खाऊ दे बापड्याला.

कलम चौथे. रंगभूषेची पेटी, मिशा आणि दोन तलवारी (एक वाकडी) गावच्या हौशी नाट्यमंडळास. अट एकच, दूधवाल्या मॅकइनर्नीला नायकाचे काम देऊ नये. तो काम बरे करतो, पण प्रत्येक वाक्य झाले की पहिल्या रांगेतल्या बायकोकडे बघतो, जमले का म्हणून.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक पुतण्या डेक्लन यास. माझा अमेरिकन सिनेमा पाहून तो म्हणाला होता, "काका, तुम्ही दिसलाच नाहीत की." मी शवपेटीत होतो आणि झाकण बंद होते. तरी त्याला सगळी शिल्लक देतो, कारण माझ्या भावाचे नाक त्याला आले आहे.

कलम सहावे, घर. इथे जरा थांबून आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. नाटकाचे अगदी शेवटचे वाक्य तालमीत म्हणायचे नसते. म्हटले की नाटक आपटले म्हणून समजा. तालीम तिथवर आली की सगळे गप्प, न्यूला पुस्तक मिटणार आणि चहा येणार. ते वाक्य उच्चारायचे ते थेट पहिल्या प्रयोगाला, लोकांसमोर. ही रीत माझ्या अंगी इतकी भिनली की मी ती नाटकाबाहेरही पाळत आलो. मलिंगारच्या वाटेवर मंडळीची गाडी बंद पडली, तेव्हा भर पावसात मी म्हणालो, "न्यूला, आपण दोघं आता..." आणि थांबलो. स्लायगोच्या स्टेशनावर तेच झाले. तिच्या आईच्या मातीला गेलो तेव्हाही तेच. ती दरवेळी माझ्याकडे बघत वाट पाहायची आणि मग म्हणायची, "चहा घेतोस?" मी घ्यायचो.

तर आज इथवर लिहून मी लेखणी खाली ठेवली. पुढील मजकूर नंतर घडलेल्या प्रकारामुळे वाढवला असून तो या कलमाचाच भाग समजावा.

वकीलसाहेबांना घाई होती. स्वतःशिवाय दुसरा साक्षीदार हवा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, "न्यूलाबाई, जरा सहीला या!" ती हात पुसत आली. तिने लेखणी उचलली.

"सही करू नकोस!" मी ओरडलो. त्याच वेळी टपाल घेऊन आलेला मायकल लूनी दारातच थबकला.

"का? माझं अक्षर वाईट आहे?"

"साक्षीदाराला वारसा मिळत नाही," वकील म्हणाले. "अहो हेफरनन, ह्या वारस आहेत हे मला आधी सांगायचं नाही का?"

न्यूलाने कागद वाचला. मलिंगार वाचले, स्लायगो वाचले. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथे काय येणार?"

"घर. तुला."

"मला घर आहे. समोरच आहे, रोज दिसतं तुला. दोन-दोन शेगड्या पेटवून माझी कंबर मोडली, आणि तू मेल्यावर मी काय इथे बसून भिंतींना वाक्यं पुरवू?"

"मग तुला हवंय तरी काय?"

खुर्ची ओढून ती कपाटाच्या आडोशाला बसली, विंगेत बसायची तशी, आणि वाट बघू लागली. मी उभा राहिलो. भल्याभल्या राजांची भाषणे मी धडाधड म्हटली आहेत, पण आता एक अक्षर आठवेना. भीती वाटली हो मला, सरळ सांगतो. ती नाही म्हणाली असती, तर सकाळी माझ्या दारात कोण येणार होते?

आणि कोपऱ्यातून तोच आवाज आला, फक्त नटाला ऐकू जाईल इतका: "माझ्याशी लग्न करशील का."

"माझ्याशी लग्न करशील का?" मी म्हणालो.

"मोठ्याने. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

मी पल्लेदार आवाज लावला. टपालवाल्याने टोपी काढली. वकिलांच्या हातातले बिस्किट चहात पडले.

"हो रे बाबा," न्यूला म्हणाली. "झाला एकदाचा पहिला प्रयोग." आणि ती रडू लागली. मीही रडलो, आणि तो अभिनय नव्हता.

वकिलांचे म्हणणे असे की, लग्नाची सूचना सरकारी कचेरीत तीन महिने आधी द्यावी लागते. तोवर मी मेलो, तर हे मृत्युपत्र लागू होईल आणि घर न्यूलाचे असेल. लग्न लागताच हा कागद रद्द होईल, तेव्हा न्यूलाने तो शेगडीत घालावा. माझे काम आता एवढेच. जन्मभर मरण्याचे पैसे घेतले, आता तीन महिने फुकट जगून दाखवायचे आहे. वाक्ये न्यूला पुरवेल.

लिहून देणार: लॉर्कन हेफरनन

साक्षीदार:
१. अल्टन स्कली, वकील
२. मायकल लूनी, टपालवाला (न्यूला गेरटी यांच्याऐवजी, त्यांनी सही केलेली नाही, आणि मी त्यांचा आभारी आहे. लॉ. हे.)

स्थळ: किलफीना, काउंटी क्लेअर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१३