शेवयांचा पूल

विल्याकोता,
२ डिसेंबर १९९८

ती. सेफेरिनाताईस,
सा. न. वि. वि.

पठारावरच्या आयांनो, हा प्रश्न मी तुम्हां सगळ्यांनाच विचारतो आहे, आणि ताई, त्यांत पहिली तू. आपल्या डोंगरातलं कथील गेलं, रस्ते आले, पूल आले. पण ते आखणारा माणूस दर वेळी खालच्या शहरातून येतो आणि आपली पोरं त्याची मोजणीची तिपाई उचलतात. हे आणखी किती पिढ्या चालायचं? म्हणूनच मी वर्षभर दर शनिवारी शाळेत पोरांच्या हातांत कामं दिली. पाणचक्की केली, उन्हाची चूल केली, शेवटी वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी दुकानातल्या जाड सुक्या शेवया चिकटवून पूल केले. काम झालं की त्या धंद्यातलं माणूस आणून पोरांसमोर बसवलं. हाताला कळल्याशिवाय पोराला कसं कळणार, आपल्याला काय व्हायचं आहे ते?

तुझी नेल्वा पाच वर्षं माझ्या घरी राहून शिकली, आणि या कामांत ती सगळ्यांच्या पुढे. रस्तेबांधणीतल्या इंजिनियर इव्होन तोर्दोया यांनी पूल मोडलेला पाहूनही तिच्यासाठी ओरुरोच्या तंत्रशाळेत जागा धरून ठेवली आहे. वहीतली आकडेमोड चोख आहे, मग पूल का मोडला, एवढंच त्यांना कळेना. पालकाने सही करायला सोमवार, २१ तारखेपर्यंत हजर व्हायचं आहे. पोरगी प्रदर्शनाच्या संध्याकाळीच तुझ्याबरोबर निघून गेली. ताई, तिला ओरुरोला घेऊन ये.

धाकट्या भावावरचा राग दोन दिवसांपेक्षा जास्त टिकवू नकोस.

तुझा,
एलॉय

---

कोचाबाम्बा,
९ डिसेंबर

चि. एलॉय यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. निम्म्यापर्यंत वाटलं, तुमच्या शिक्षक संघटनेचं पत्रक चुकून माझ्या पाकिटात आलं. बहिणीला लिहिताना तरी व्यासपीठावरून खाली उतरत जा. लहानपणी तू लामांपुढे भाषणं ठोकायचास आणि लामा थुंकून चालायला लागायच्या, ते आठवतं का?

नेल्वा बरी आहे. माझ्या गाळ्यावर बसते. तिला शिवणयंत्र घेतलं. रीतीप्रमाणे त्याची चाय्या केली, धरणीमातेला पहिला घोट दिला, मग यंत्रावर बिअर शिंपडली. यंत्र झकास चालतं. घागऱ्याच्या चुण्या अशा मोजून घालते की एक इकडची तिकडे होत नाही. गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन येतात.

पुलाचं मात्र नाव काढू नकोस. प्रदर्शनाची धर्ममाय म्हणून, पोरांच्या कामांना आशीर्वाद द्यायला, मला तूच बोलावलंस. मी चौदा तास बसमध्ये हाडं मोडून घेत आले. बाकीच्या पोरांच्या कामांवर चार थेंब शिंपडले, पण लेकीच्या पुलावर हात आखडला नाही, अख्खी बाटली ओतली. तरी हिशेबाने अठरा किलो पेलणारा पूल चार किलोंना मोडला. एवढ्या चाय्येनंतर मोडला, म्हणजे धरणीमातेने कौल दिला. नेल्वाला विचारलं, तर ती म्हणते, माझाच हिशेब चुकला असेल. मग मी सही कशावर करू?

तू पाठवलेले सुके बटाटे मिळाले. गुडघा शेकत जा. माया आहे तेवढी पुरे, ती भाषणात वाटून टाकू नकोस.

तुझी ताई,
सेफेरिना

---

विल्याकोता,
२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

हे चौथं पत्र. आधीची तीन चुलीत गेली. मुदत उद्या संपते आणि हे तुझ्या हाती पडेपर्यंत ती संपलेली असेल, हे मला ठाऊक आहे. मुदत टळेपर्यंत माझा हात उचलला नाही, हेच खरं.

ताई, कौल नव्हता. सुकी शेवई पाणी पिते. तू बाटली ओतलीस तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मधल्या सांध्यातून फेस टेबलावर ठिबकताना मी पाहिला. मला कळलं. आणि कळूनही मी काय केलं? अर्धा तास भाषण केलं! पठाराला खरं बोलणारी पिढी हवी, यावर. मी बोलत राहिलो आणि माझ्यामागे शेवया भिजत राहिल्या. मग वजनं लावली. इव्होनबाईंनी मला विचारलं, गुरुजी, हे कसं झालं? मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

तू धर्ममाय, चौदा तासांचा प्रवास करून आलेली, समोर सगळं गाव. चाय्येने काम बिघडलं असं भर सभेत म्हणायला जीभ रेटेना. मंत्र्याला तोंडावर खोटारडा म्हणालेला माणूस मी. तुझा मान राखायला गेलो आणि पोरीची मान खाली घातली. तिचा हिशेब बरोबर होता. मी घरी येऊन तीनदा तपासला.

माफी मागण्याइतकं तोंड उरलेलं नाही. तरी दार बंद करू नकोस.

एलॉय

---

कोचाबाम्बा,
२८ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बावीस तारखेला आलं. ओरुरोला फोन केला. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मला तेव्हाच कळलं होतं, मामा. आईने बाटली उपडी केली तेव्हाच मी मनात म्हटलं, गेला. आईला अडवणं मला जमलं नसतं. पण पूल मोडल्यावर मी तुमच्याकडे पाहिलं. वाटलं, आता मामा बोलतील, पार मिठागरापर्यंत ऐकू जाईल असं. तुम्ही बुटांकडे बघत होतात. म्हणून मी म्हटलं, हिशेब चुकला असेल. म्हणता म्हणता ते मलाच खरं वाटायला लागलं. आता चुण्यासुद्धा मी दोनदा मोजते.

आईने पत्र वाचलं आणि गाळ्याची फळी ओढून घेतली. मग म्हणाली, त्या शहाण्याने तिथेच सांगितलं असतं, तर दुसरी बाटली त्याच्या डोक्यात घातली असती आणि तुला नवा पूल करायला बसवलं असतं. मग रडली. तुम्ही बोलला असतात तर तिला एक दिवस लाज वाटली असती. आता म्हणते, मीच कौल कौल करत लेकीला घरी बसवलं.

मी पुढच्या वर्षी पुन्हा बघेन. पण माझ्याबरोबर पूल करणाऱ्या ओल्गा आणि झुल्मा, दोघींनी शनिवारच्या कामांतून नाव काढलं आहे. ओल्गाने लिहिलंय, नेल्वाचा टिकला नाही तिथे आमचं काय.

शाळा एक फेब्रुवारीला उघडते. झेंड्यापाशी सगळी पोरं आणि त्यांच्या आया येतील. आईने दोन तिकिटं काढली आहेत, ती सगळ्यांत पुढे उभी राहणार आहे. मी नवा पूल डब्यात घालून आणते. आईचं म्हणणं, या वेळी आधी वजन, मग बाटली.

त्या दिवशी भाषण करू नका, मामा. उभे राहा आणि एवढंच सांगा: हिशेब बरोबर होता, पूल बिअरने मोडला, आणि मला ते माहीत होतं.

तुमची,
नेल्वा