भोंगामुक्त शहर

२ फेब्रुवारी

आज सार्वजनिक सुविधा व आपत्कालीन सेवा समितीचा सभापती झालो. बिनविरोध. (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, पण त्याला मी काय करणार?) संकल्प एक: रोज डायरी लिहिणे. पुढेमागे आत्मचरित्र लिहायला घेतलं की कच्चा माल तयार असावा. संकल्प दोन: पहाटे फिरायला जाणे. उद्यापासून.

आईला बातमी सांगितली. म्हणाली, बरं झालं, आता जिन्यातला दिवा तेवढा बसवून घे. तिला समजावलं की सभापती दिवे बसवत नाही, धोरण ठरवतो. ती म्हणाली, मग धोरणात बसव.

९ फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. थंडी होती.

आज जे झालं त्याची नोंद झालीच पाहिजे. बॅनरसाठी फोटो काढायचा होता म्हणून आधी सलूनमध्ये गेलो. डावा गाल झाला. उजव्या गालाला साबण लावला आणि शेडवरचा भोंगा वाजला. सलूनवाल्याने वस्तरा टाकला आणि चालू पडला. मी तसाच खुर्चीत. अर्धा गुळगुळीत, अर्धा फेसात.

आमच्याकडे ही जुनाट पद्धत आहे. आगीचा बंब आणि अॅम्ब्युलन्स चौकातल्या शेडमध्ये असतात, पण त्यावर पगारी माणूस एकही नाही. कुणालाही अडचण आली की त्याने जाऊन शेडबाहेरचं बटण दाबायचं. भोंगा वाजला की पथकातले लोक हातातलं काम टाकून पळत येतात. पथकाचा प्रमुख कोण, तर सलूनवाला. ड्रायव्हर गॅरेजवाला. बाकी बेकरीचा भट्टीवाला, दोघे गवंडी वगैरे. पंचक्रोशीत याचं मोठं कौतुक आहे म्हणे.

तासाभराने परत आला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सिलिंडर पेटला होता. दोन पोरं वाचली. ठीक आहे, आनंद आहे, पण माझा फेस वाळला त्याचं काय? फोटोग्राफर थांबेना. शेवटी एका बाजूने फोटो काढावा लागला. बॅनरवर मी कुठेतरी लांब बघतोय असं वाटतं. दूरदृष्टी म्हणून खपून जाईल.

१६ फेब्रुवारी

सभेत माझा ठराव मंजूर. 'भोंगामुक्त शहर.' मुद्दे मांडले: ध्वनिप्रदूषण, विद्यार्थ्यांचा अभ्यास, रुग्णांची विश्रांती, मॉडर्न सिस्टिम. रोज दुपारी बाराला चाचणीचा भोंगा वाजतो, त्याने कर्तबगार माणसांच्या वामकुक्षीवर परिणाम होतो हा मुद्दा मनात होता, पण वैयक्तिक वाटेल म्हणून गाळला.

भोंग्याऐवजी फोनवर ग्रुप. अडचण आलेल्याने सभापतींना, म्हणजे मला, फोन करायचा. मी खातरजमा करून ग्रुपवर मेसेज टाकायचा. पथक निघालं. भोंगा ऐकून माणसं नुसती धावतात, मेसेजमध्ये कुठे आणि का हेही कळतं.

सलूनवाला मागच्या बाकावर येऊन बसला होता. त्याने विचारलं, फोन उचलला नाही तर? मी म्हणालो, सभापती झोपला तरी त्याचा फोन जागा असतो. टाळ्या पडल्या. पहिली मीच वाजवली, पण इतरांनी नंतर उचलून धरली.

१ मार्च

आजपासून भोंगा बंद. बटणाची पेटी काढून भिंतीला प्लास्टर मारून घेतलं. दुपारी बाराला चौकात उभा राहिलो. काय शांतता! माणसं थबकून वर बघत होती. एक कुत्रं उगाच भुंकलं. फळवाली म्हणाली, कसंतरीच वाटतंय. सुधारणेचं पहिल्यांदा असंच होतं.

घरी आलो तर आई ताटावर बसून विचारतेय, बारा वाजून गेले का रे? हृदयाची गोळी ती भोंग्यावर घ्यायची. गेली कित्येक वर्षं. मी तिच्या फोनवर गजर लावून दिला. बासरीचा.

६ मार्च

ग्रुपची नुसती चावडी झालीय. सकाळी उठून फुलं. सुप्रभात. भट्टीवाला पावांचे फोटो टाकतो. गॅरेजवाल्याने विचारलं, माझा जॅक कुणी नेलाय? यात खरी सूचना कुठे दिसणार?

सेटिंग बदललं. आता ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकतो. अॅडमिन एकच, मी. बाकीच्यांनी वाचायचं. डिसिप्लिन आली. दिवसभर ग्रुपवर एकही फालतू मेसेज नाही. एकही मेसेजच नाही.

१४ मार्च

नव्या सिस्टिमची पहिली परीक्षा. बसस्टँडमागे कचऱ्याचा ढीग पेटला. मला फोन आला तेव्हा मी जेवण करून पडलो होतो. उठल्यावर पाहिला आणि ताबडतोब मेसेज टाकला. पथक पोचलं तेव्हा आग आपोआप विझली होती. शेजारची टपरी जळाली, पण ती अतिक्रमणातच होती. एकूण सिस्टिम यशस्वी.

आईचा गजर वाजत नाही. म्हणजे वाजतो, पण तिला वाटतं कुणीतरी बासरी वाजवतंय.

२७ मार्च

वाईट झालं. आमच्या गल्लीतले पोस्टमास्तर (रिटायर्ड) अंगणात कोसळले. त्यांच्या सुनेने मला फोन लावला. मी अंघोळीला. नंतर पूजेला नव्हे, पण पूजेइतकंच आवश्यक म्हणून पेपर वाचत होतो. फोन चार्जिंगला. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना भाजीच्या हातगाडीवर घालून नेलं. अॅम्ब्युलन्स शेडमध्येच उभी, हाकेच्या अंतरावर. एक बाजू गेली. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. डॉक्टर लोकांना ही सवयच असते.

हातगाडीचा प्रकार मात्र वाखाणण्यासारखा. लोकसहभाग. अहवालात घेतला.

संकल्प: अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेणे.

आई त्यांना बघून आली. पलंगावर बसली. मग म्हणाली, "माझ्या वेळेला फोन जवळ ठेव बरं का."

काहीतरीच बोलते.

८ एप्रिल

आईला जिना चढताना दम लागतो. तिसऱ्या पायरीवर थांबते, कठड्याला धरते, आणि आपण बघतोय हे लक्षात आलं की कठड्यावरची धूळ पुसल्यासारखं करते. डॉक्टरांना घरी आणलं. गोळ्या चुकताहेत म्हणाले. छातीत दुखलं, घाम फुटला तर एक मिनिट घालवू नका, अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन आहे, त्यातूनच मोठ्या हॉस्पिटलात न्या. रस्ता लांबचा आहे.

मी हसलो. म्हणालो, डॉक्टर, काळजी कशाला, अॅडमिन घरातच आहे.

हिने माझ्याकडे पाहिलं. बायकोने पंचवीस वर्षांत माझ्याकडे असं दोनदाच पाहिलंय, आणि पहिल्यांदा मी तिच्या भावाची स्कूटर विहिरीत घातली होती.

१२ एप्रिल

सलूनवाला घरी आला. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. म्हणणं असं की ग्रुप खुला करा, नाहीतर निदान मला दुसरा अॅडमिन करा. माणसं हल्ली फोन बघतच नाहीत, कारण त्यावर काही येतच नाही. मी शांतपणे सांगितलं की दोन अॅडमिन म्हणजे एका म्यानात... असो, ते वाक्य पूर्ण केलं नाही. नाही म्हणालो.

जाताना आईला विचारत होता, काकू, तब्येत कशी आहे. आई म्हणाली, चाललंय. त्याने तिला आपला नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. समांतर यंत्रणा! मी कागद काढून टाकला. सिस्टिम म्हणजे सिस्टिम.

हा माणूस पुढच्या निवडणुकीत उभा राहणार. माझी खात्री आहे.

२० एप्रिल

उद्या 'भोंगामुक्त शहर' सोहळा. चौकात स्टेज. अॅम्ब्युलन्सला नवा रंग दिलाय, दारावर माझं नाव (छोटं, पण ठळक). ती स्टेजशेजारी रिबन लावून उभी राहील. किल्ली माझ्या खिशात, भाषणाच्या शेवटी समारंभपूर्वक पथकाकडे सोपवायची. हिने विचारलं, तोपर्यंत कुणाला अॅम्ब्युलन्सची गरज पडली तर? प्रत्येक गोष्टीत खोट काढायची म्हणजे काढायचीच.

आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली आहे. नावाची चिठ्ठी लावून. मुलाचं कौतुक ऐकायला नको का?

२१ एप्रिल, सकाळ

आई येत नाही म्हणते. रात्रभर झोप नाही, अंग जड वाटतं. थोडा रागच आला. आजच नेमकं? म्हणालो, नुसतं बसायचं तर आहे. ती म्हणाली, "तू जा. चांगलं बोल." मी फोन सायलेंटवर टाकला. स्टेजवर फोन वाजणं अशोभनीय.

२१ एप्रिल, दुपार. स्टेजमागे

भाषण जबरदस्त! विषय: प्रतिसादाची गती. घटकेभरात विषय असा पकडला की समोरची माणसं हलली नाहीत (लग्नाच्या हॉलवाल्याने खुर्च्या फार जवळ मांडल्या होत्या). पहिल्या रांगेत आईची खुर्ची रिकामी दिसत होती, तेवढंच खटकलं.

ऐन रंगात सलूनवाला आला. धावत. चार माणसं ओलांडून स्टेजकडे. हात हलवतोय, ओरडतोय. लाउडस्पीकरपुढे त्याचं काय ऐकू येणार? घोषणा देत असणार. मी ओळखून होतोच. शिपायांना खूण केली, त्यांनी त्याला धरून ठेवलं. मी माईकवरून म्हणालो, काही लोकांना विकास बघवत नाही, त्यांनी भाषण संपेपर्यंत थांबावं. हशा झाला. मग त्याची जिरवायची म्हणून मुद्दाम भाषण वाढवलं. सार्वजनिक शौचालयं घेतली, पथदिवे घेतले, पुढच्या पाच वर्षांचं चित्र उभं केलं. गडी धडपडत होता, मग धडपडायचा थांबला. नुसता बघत होता माझ्याकडे. रडत होता बहुतेक. पराभव माणसाला असा लागतो.

शेवटी किल्ली द्यायची ती त्याच्याच हातात. त्याने हिसकावली. आभार नाहीत, काही नाही. काहीतरी बोलला, पण बँड सुरू झाला होता. गॅरेजवाला आधीच गाडीत चढून बसलेला. रिबन कापायच्या आधीच गाडी काढली, रिबन तशीच लोंबतेय. फोटोत मी कात्री घेऊन एकटाच उभा. किती हा उद्धटपणा!

गाडी आमच्या गल्लीकडे वळलेली दिसली. मिरवत असणार.

आता पाहुण्यांबरोबर जेवण. फोन बघितला. हिचे मिस्ड कॉल आहेत, बरेच. येताना काहीतरी आणा म्हणत असेल.

२३ एप्रिल

आई गेली. रस्त्यातच. हॉस्पिटल दिसू लागलं होतं.

२६ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण नोंद असावी.

ही सांगते ते असं: आईच्या छातीत कळ आली. हिने मला फोन लावले. मग चौकाकडे पळाली, शेडच्या भिंतीवर बटण जिथे होतं तिथे प्लास्टर. गर्दीतून स्टेजपर्यंत जाता येईना, तशीच सलूनमध्ये. त्याने तिला आईजवळ परत पाठवलं आणि स्वतः किल्लीसाठी स्टेजकडे धावला. बाकी मला माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. मी म्हणालो, वय झालं होतं.

शिपायांनी विचारायला हवं होतं की तो का आलाय. लाउडस्पीकरवाल्याने आवाज एवढा ठेवायला नको होता. खुर्च्या जवळ होत्या.

आई म्हणाली होती, चांगलं बोल.

१ मे

ग्रुपवर मेसेज टाकला होता: आमच्या मातोश्री गेल्या. पाच दिवस झाले, पथकातल्या एकाचाही शब्द नाही. मनाला फार लागलं. इतकी माणसं, आणि दोन ओळी लिहायला कुणाला सवड नाही? हिला बोलून दाखवलं. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ते लिहूच शकत नाहीत."



४ मे

जिन्यातला दिवा बसवला. आता कोण चढणार?

सेटिंग बदललं. ग्रुप सगळ्यांसाठी खुला. सलूनवाल्याला अॅडमिन केलं. स्वतःचं अॅडमिनपद काढलं. सभेत विचारायचं म्हटलं असतं तर ठराव लागला असता, म्हणून न विचारताच.

कुणी काहीच लिहिलं नाही. फुलंसुद्धा नाहीत.

९ मे

सकाळी ग्रुपवर मेसेज आला. फळवालीचा नातू, पाण्याच्या टाकीत पडलाय, टेकडीजवळ, लवकर. खाली लगेच सलूनवाला: निघालो. गॅरेजवाला: गाडी काढली. भट्टीवाला: निघालो. निघालो. निघालो. एकाखाली एक, वाचेपर्यंत पुढचा.

मी चप्पल घातली. दारात उभा राहून लिहिलं: मी पण येऊ का?

सगळे केव्हाच निघाले होते.